संथ डाव, दीर्घ सोबत

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत कोलकाता येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून संतवाङ्मय, नाट्यसंगीत, इतिहास अशा विषयांवर अधिकारी व्यक्तींची व्याख्याने झाली आहेत. तो अधिकार आमचा नाही. केंद्र सरकारच्या नोकरीत दर चार-पाच वर्षांनी बिऱ्हाड हलविणारे आम्ही एक साधे अधिकारी. प्रत्येक बदलीबरोबर शाळा बदलते, शेजार बदलतो, बाजारातली भाषा बदलते. अशा फिरत्या संसारात ज्या थोड्या गोष्टी कधी बदलल्या नाहीत, त्यांपैकी एक म्हणजे बुद्धिबळाचा पट. चौसष्ट घरांना कोणत्याही प्रांतात दुभाषी लागत नाही. म्हणून आज याच खेळाविषयी, विशेषतः तो सुधारावा कसा आणि आयुष्यभर टिकवावा कसा, याविषयी चार शब्द बोलण्याचे योजिले आहे.

आपण राहतो त्या बंगालमध्ये या खेळाला ‘दाबा’ म्हणतात. गरियाहाटच्या उड्डाणपुलाखाली संध्याकाळी दाबा खेळणाऱ्यांचा अड्डा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. डोक्यावरून वाहने धडधडत असतात आणि खाली दोन माणसे एका प्याद्याचा विचार करीत बसलेली असतात. या शहराची ही परंपरा जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जॉन कॉक्रेन नावाचा इंग्रज अमदानीतला एक नामांकित बॅरिस्टर येथे होता. त्याच्याशी महेशचंद्र बॅनर्जी हे बंगाली गृहस्थ शेकडो डाव खेळले. महेशचंद्र मुळात देशी पद्धतीचे खेळाडू. देशी पद्धतीत प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर चाले. राजाला शह बसला नसेल तर एकदा घोड्याची उडी घेता येई. विलायती नियम त्यांनी कॉक्रेनसमोर बसून, अनेकदा हरून आत्मसात केले. परंतु प्यादी संथपणे पुढे सरकवून उंट बाजूच्या कर्णावर बसविण्याची आपली रीत सोडली नाही. आज जगभर ‘इंडियन डिफेन्स’ या नावाने जे डावारंभ ओळखले जातात, त्यांच्या नावामागे ही कलकत्त्याची परंपरा आहे.

आपल्याकडेही पाहा. 1814 साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर छापले गेले. त्यात मुख्यतः निवडक पटस्थिती आहेत. शिकणाऱ्याची प्रगती व्हावी आणि स्मरणशक्तीला व्यायाम घडावा हा हेतू ग्रंथाच्या शीर्षकातच सांगितला आहे. दोनशे वर्षांपूर्वी छापलेल्या या ग्रंथाची आणि आजच्या उत्तम प्रशिक्षकाची दिशा एकच आहे : समोर स्थिती मांडावी, उत्तर सांगू नये, शिकणाऱ्याला विचार करू द्यावा.

येथून आपण पहिल्या मुद्द्याकडे येतो. शिक्षक कशासाठी हवा? अनेक पालकांची समजूत अशी की प्रशिक्षकाने मुलाला डावाच्या पहिल्या वीस खेळ्या पाठ करून द्याव्यात. पाठ केलेला मुलगा प्रतिस्पर्ध्याने अनपेक्षित खेळी करताच उघडा पडतो, कारण आपण काय खेळलो हे त्याला माहीत असते. का खेळलो हे माहीत नसते. क्यूबाचे जगज्जेते कापाब्लांका यांचे 1921 सालचे प्रसिद्ध पाठ्यपुस्तक साध्या मातीपासून आणि डावाच्या शेवटापासून सुरू होते. पटावर मोहरे थोडे असले म्हणजे प्रत्येकाची शक्ती स्पष्ट दिसते, हे त्यामागचे कारण.

एकच उदाहरण देतो. घरी गेल्यावर मुलांनी ते मांडून पाहावे. कडेची पट्टी सोडून कोणत्याही उभ्या पट्टीत पांढरे प्यादे आपल्या बाजूच्या तिसऱ्या ओळीत ठेवा. त्याच्या लगेच पुढे पांढरा राजा. मग एक घर रिकामे, आणि त्यापलीकडे समोरासमोर काळा राजा. पटावर आणखी काही नाही. आता खेळी काळ्याची असेल तर त्याला बाजूला किंवा मागे सरावे लागते, आणि पांढरा राजा वाट काढून प्याद्याचा वजीर करतो. परंतु हीच स्थिती असून खेळी पांढऱ्याची असेल, तर काळ्याने नीट खेळल्यास डाव बरोबरीत सुटतो. मोहरे तेच, घरे तीच. फरक केवळ पाळी कोणाची एवढाच. चांगला शिक्षक हे सूत्र सांगत नाही. तो मुलाला दोन्ही बाजूंनी दहा वेळा खेळावयास लावतो आणि विचारतो, “आता का जिंकलास? मघाशी का नाही?” ज्या दिवशी उत्तर मुलाच्या तोंडून येते, त्या दिवशी ते त्याचे होते.

सोव्हिएत रशियातील बोत्विन्निक हे तीनदा जगज्जेतेपद मिळविणारे, व्यवसायाने विद्युत अभियंते. त्यांच्या शाळेत कार्पोव्ह, कास्पारोव्ह, क्रामनिक हे पुढचे जगज्जेते शिकून गेले. तेथील मुख्य पाठ असा की विद्यार्थ्याने आपलेच डाव, आपल्याच टिपणांसह, गुरूंपुढे मांडावयाचे. आपल्या देशातही या विद्येचा गौरव झाला आहे. 1986 साली रघुनंदन गोखले यांना बुद्धिबळासाठी द्रोणाचार्य पुरस्कार लाभला. पुण्याचे ग्रँडमास्टर अभिजित कुंटे 2024 साली बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय महिला संघाचे कर्णधार होते. त्याच संघातील नागपूरच्या दिव्या देशमुख हिने 2025 साली महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली.

दुसरा मुद्दा संथ डावाचा. एके काळी मोठ्या स्पर्धांतून पहिल्या चाळीस खेळ्यांना प्रत्येकी अडीच तास मिळत. डाव न संपल्यास पुढची खेळी लिफाफ्यात बंद करून दुसऱ्या दिवशी तो पुढे चालू होई. संगणक आल्यावर ती प्रथा गेली आणि वेळही आटला. तरीही नियमांप्रमाणे प्रमाणित डाव म्हणजे प्रत्येकी निदान एक तासाचा. दहा मिनिटे वा त्याहून कमी वेळाचा तो विद्युतगती डाव. आज मुलांच्या हाती भ्रमणध्वनी आहे आणि त्यावर एकेका मिनिटाचे डाव रंगतात. त्यात मौज आहे, हे आम्ही नाकारीत नाही. चिवडाही रुचकरच असतो, पण त्यावर कोणी पंगत उठवीत नाही.

संथ डावात खेळ्या लिहून ठेवण्याचा नियम आहे. विद्युतगती डावात तशी सक्ती नाही. आमच्या मते सारे मर्म येथे आहे. लिहिलेला डाव पुन्हा उघडता येतो, चूक कोणत्या खेळीला झाली हे बोट ठेवून दाखविता येते. न लिहिलेला डाव वाऱ्यावर जातो, आणि तीच चूक शंभर वेळा होत राहते. डाव संपल्यावर दोघा खेळाडूंनी मिळून तो तपासावा, हरलेल्याने आधी बोलावे, आणि संगणकाला सर्वांत शेवटी विचारावे. संगणक चूक क्षणात दाखवितो. ती करताना आपल्या मनात काय चालले होते, हे मात्र त्याला ठाऊक नसते. ते आपणच शोधावे लागते.

आता थोडे स्पष्ट बोलण्याची अनुज्ञा द्यावी. गेल्या काही वर्षांत आम्ही वेगवेगळ्या शहरांतील स्पर्धांच्या मंडपाबाहेर आईवडील उभे असलेले पाहतो. मूल बाहेर येताच पहिला प्रश्न, “जिंकलास का?” आणि दुसरा, “गुणांकन किती वाढले?” आठ-नऊ वर्षांची पोरे हरल्यावर आधी वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहतात, मग डोळे पुसतात. यांतली कित्येक मुले दहावीच्या सुमारास पट गुंडाळून ठेवतात ती कायमची. खर्च झालेले पैसे सोडून द्या. एक जन्माचा सोबती त्यांनी गमावला, याचे दुःख मोठे आहे. मुलाला विचारावयाचा प्रश्न एवढाच : “आज डावात काय पाहिलेस?” या प्रश्नाचे उत्तर हरलेल्या मुलालाही देता येते.

पालकांनी महत्त्वाकांक्षा धरूच नये, असे आमचे म्हणणे नाही. मुंबईच्या खाडिलकर घराण्यातील वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिघी बहिणींचे उदाहरण आपल्यापुढे आहे. 1974 साली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा वासंती यांनी जिंकली आणि पुढे दशकभर ते पद या घरातच राहिले. रोहिणी तर 1976 साली पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या. परंतु तिघी बहिणी म्हणजे घरातच रोजचे प्रतिस्पर्धी आणि रोजचे सोबती, हे त्यातले रहस्य विसरू नये. घरात पट मांडलेला असेल तर मूल खेळते; केवळ शिकवणीची फी भरल्याने खेळत नाही.

तिसरा मुद्दा आयुष्यभराच्या आनंदाचा. इमान्युएल लास्कर यांनी 1935 साली मॉस्कोच्या बलाढ्य स्पर्धेत तिसरा क्रमांक मिळविला तेव्हा ते सहासष्ट वर्षांचे होते. स्मिस्लोव्ह त्रेसष्टाव्या वर्षी, 1984 साली, तरुण कास्पारोव्हसमोर आव्हानवीराच्या अंतिम लढतीत बसले. कोर्चनोय यांनी ऐंशीव्या वर्षी स्वित्झर्लंडचे राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकले. हे असामान्य पुरुष खरेच. पण सामान्यांसाठीही त्यांत आश्वासन आहे. क्रिकेटची बॅट चाळिशीत भिंतीला टेकते. पटावर मात्र सत्तरीचे आजोबा आणि सातवीतली नात समोरासमोर बसू शकतात, आणि कोण जिंकेल हे आधी सांगता येत नाही.

निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या आमच्यासारख्यांना हा विचार जवळचा वाटतो. दूरदेशी नोकरी करून निवृत्त झालेल्या माणसाचे गावाकडचे मित्र पांगलेले असतात, मुले दुसऱ्याच शहरी असतात. वेळ भरपूर आणि बोलावयास कोणी नाही, अशी त्याची स्थिती होते. बुद्धिबळ जाणणारा माणूस मात्र कोणत्याही अनोळखी पटाशेजारी जाऊन उभा राहू शकतो. दुसऱ्या डावापर्यंत त्याला कोणी तरी चहा विचारतेच.

म्हणून मंडळापुढे एक नम्र सूचना ठेवतो. महिन्यातून दोन शनिवारी या सभागृहात संथ डावांची बैठक भरवावी. प्रत्येकी एक तासाचा एकच डाव, खेळ्या लिहून. नंतर अर्धा तास दोघांनी मिळून तपासणी. शक्य तेथे एका बाजूला ज्येष्ठ, दुसऱ्या बाजूला मूल. गुणांकन नाही, बक्षीस नाही. डावांची एक वही मात्र मंडळाने जपून ठेवावी. आपल्या बंगाली शेजाऱ्यांनाही आग्रहाने बोलवावे. हे शहर त्यांचे आहे आणि दाब्याची रग आपल्यापेक्षा त्यांना थोडी अधिकच आहे. मुलांना येथे मराठी ऐकू येईल, आजोबांना सोबती मिळेल, आणि दोघांनाही हरण्याची सवय होईल. ही सवय परीक्षा, नोकरी, बदली, साऱ्या ठिकाणी उपयोगी पडते.

पुढील महिन्याच्या पहिल्या शनिवारी आम्ही दोन पट आणि एक घड्याळ घेऊन येथे येऊन बसू. ज्यांना सवड असेल त्यांनी समोर येऊन बसावे.