परतून येणारा रोग

आजचा विषय ऐकण्यास सुखाचा नाहीं. तरी तो घराघरांत बोलला जावा असा आहे. मोठ्या आतड्याचा कर्करोग शस्त्रक्रियेनें काढला आणि कांहीं काळानें तो यकृतांत किंवा फुप्फुसांत पुन्हां दिसला, म्हणजे 'आतां संपलें' असें म्हणून सारें घर हात टेकतें. हें म्हणणें सर्वस्वी खरें आहे काय, एवढेंच आज पाहूं.

आतड्यांतील रक्त एका मोठ्या शिरेनें प्रथम यकृतांत जातें; त्याबरोबर रोगाच्या पेशीही तेथें पोहोंचतात. परंतु यकृताचा विलक्षण गुण असा कीं, त्याचा बराच भाग कापून काढला तरी उरलेला भाग वाढून उणीव भरून काढतो. म्हणून गांठी मोजक्या व काढण्याजोग्या असल्यास शस्त्रवैद्य त्या काढतात. अशा निवडक रोग्यांपैकीं शंभरांत सुमारें चाळीस पांच वर्षें जगतात. पंधरा-वीस तर दहा वर्षेंही ओलांडतात. गांठ पुन्हां उद्भवल्यास कित्येकांवर दुसरी शस्त्रक्रियाही होऊं शकते. सर्वांच्या वांट्यास हें येत नाहीं. पुष्कळांचा रोग औषधांनीं केवळ आवरून धरावा लागतो. पण आवरून धरलेला काळ हाही आयुष्याचाच काळ होय.

आमच्या वर्ध्याकडील काळ्या जमिनींत कुंदा माजतो. तो एका नांगरटीनें जात नाहीं, म्हणून कोणी शेत टाकून देत नाहीं. शेतकरी दरसाल डोळ्यांत तेल घालून तो खणीत राहतो. त्याचप्रमाणें ठराविक मुदतीची रक्ततपासणी व सी. टी. तपासणी, प्रकृति उत्तम वाटत असतांही, टाळूं नये. वेळीं दिसलेली गांठ काढतां येण्याचा संभव अधिक असतो. रोग्याच्या भावंडांनीं व मुलांनींही डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. कारण कांहीं घराण्यांत हा रोग वंशानें उतरतो.

याच जिल्ह्यांत, सेवाग्राम आश्रमांत, महारोगानें पीडित परचुरे शास्त्री यांस गांधीजींनीं आश्रय दिला आणि स्वतःच्या हातांनीं त्यांची शुश्रूषा केली. रोग्यास माणसांतून उठवावयाचें नाहीं, हा त्याचा धडा आहे. आपण मात्र प्रेमापोटीं रोग्यापासून त्याचाच रोग लपवितों, त्याच्यासमोर कुजबुजतों, आणि घरचे निर्णय त्याला वगळून घेतों. त्यानें विचारल्यास खरें सांगावें. मुलीचें लग्न, शेताची वांटणी, तीर्थयात्रा यांविषयीं त्याचें मत घ्यावें. शस्त्रक्रिया वैद्यानें करावयाची. हें दुसरें काम आपलें आहे, आणि त्यास पदवी लागत नाहीं.