बापूजींच्या दारातलं उपोषण



तुम्हा परदेशस्थांचं सरकारी खातं एकेकाळी आमच्या वणीच्या माणसाकडे होतं. माधव श्रीहरी अणे, म्हणजे यवतमाळचे लोकनायक बापूजी. पेशाने वकील, निष्ठेने टिळकांचे. मिठाच्या सत्याग्रहाला यवतमाळात समुद्र कुठला? मग १९३० च्या जुलैत त्यांनी पुसदला राखीव जंगलातलं गवत कापून कायदा मोडला आणि तुरुंग पत्करला.

तेच बापूजी १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बसले. महायुद्धासाठी सरकारला हिंदुस्थानातून माणसं हवी होती, माल हवा होता. म्हणून मंडळात हिंदी सभासद बहुसंख्य केले. पण संरक्षण, गृह, अर्थ ही खाती इंग्रजांनी हातची सोडली नाहीत. बापूजींच्या वाट्याला परदेशस्थ हिंदी लोक आले. थोड्याच महिन्यांत जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला आणि लाखो हिंदी माणसं जीव मुठीत धरून, जंगलं-डोंगर तुडवत परतली.

ऑगस्ट १९४२. वणीपलीकडच्या चांदा जिल्ह्यात चिमूर गाव सरकारविरुद्ध पेटलं. जमावाने सरकारी अधिकारी मारले. मागून लष्कर आलं आणि बायकांवर अत्याचार झाल्याच्या तक्रारी उठल्या. चौकशीची मागणी घेऊन सेवाग्रामचे प्रा. भन्साळी नोव्हेंबरात थेट दिल्लीला, बापूजींच्या घरी गेले आणि तिथेच उपोषणाला बसले. आपल्याच मुलखाचा प्रश्न दारात उपाशी बसलेला, आणि गृहखातं दुसऱ्याच्या हाती! भन्साळींना दिल्लीतून हलवलं, तरी ते हटले नाहीत. उपोषण जानेवारीपर्यंत चाललं.

१० फेब्रुवारी १९४३ ला आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असलेल्या गांधीजींनी २१ दिवसांचं उपोषण मांडलं. सरकार त्यांना सोडेना. तेव्हा कार्यकारी मंडळातल्या बापूजी, होमी मोदी आणि नलिनी रंजन सरकार या तिघांनी राजीनामे दिले.

कुणी म्हणेल, चिमूरच्या वेळीच का नाही? मलाही ते खटकतं. पण युद्धकाळातला राष्ट्रवाद समजून घ्यायचा, तर चिमूरच्या जमावाइतकंच बापूजींच्या मंडळातल्या खुर्चीकडेही पाहायला हवं. खुर्ची दिली, अधिकार दिला नाही, की सहकार्य करणाऱ्यालाही एक दिवस उठावं लागतं.

त्याच वर्षी बापूजी सरकारचे प्रतिनिधी म्हणून सिलोनला गेले. काम पुन्हा तेच: परक्या मुलखातली आपली माणसं.