दारची गाडी आणि घरचा जमाखर्च
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



शिक्षण, विवाह, आरोग्य या विषयांचा ऊहापोह आपल्या व्यासपीठावरून नेहमीच होतो. आज मी रोजच्या जाण्यायेण्याच्या खर्चाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो.

मोटार ही पूर्वी श्रीमंतीची खूण समजली जाई. आज ती अनेक मध्यमवर्गीय घरांच्या दारी उभी आहे, ही आनंदाचीच गोष्ट होय. परंतु गाडीचा खर्च म्हणजे पेट्रोल, एवढाच हिशेब आपण करतो. कर्जाचे व्याज, विम्याचा हप्ता, गाडी उभी करण्याचे भाडे आणि दरसाल घटणारी तिची किंमत ही कलमे वहीत चढतच नाहीत. गाडी हलो वा न हलो, ती चालूच राहतात.

ठाण्याहून मुंबईतील कोटात नोकरीस जाणाऱ्या गृहस्थाचे उदाहरण घेऊ. जाऊन-येऊन सुमारे ७० किलोमीटर होतात. महिन्याचे २५ दिवस, लिटरला १५ किलोमीटर आणि लिटरचे १०० रुपये धरले, तर नुसत्या पेट्रोलास सुमारे ११,७०० रुपये लागतात. रेल्वेचा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास याच्या विसाव्या हिश्शातही येतो.

यावर कोणी म्हणेल, लोकलमध्ये जीव मुठीत धरून जायचे काय? हा आक्षेप खोटा नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गर्दीच्या गाड्यांतून पडून प्रवासी मृत्युमुखी पडले. चार पैसे वाचावेत म्हणून कोणी दारात लोंबकळावे, असे मी मुळीच सांगणार नाही. पण मधला मार्ग आहे. कामाची वेळ मागेपुढे करता येत असेल, तर ती करून घ्यावी. एकाच दिशेने जाणाऱ्या चार शेजाऱ्यांनी आळीपाळीने आपापली गाडी काढावी. पेट्रोलाचा तोच खर्च प्रत्येकी तीन हजारांच्या आत येईल. उरलेली रक्कम वर्षाकाठी एक लाखाच्या वर जाते. एखाद्या मुलाच्या उच्च शिक्षणास तिचा केवढा आधार होईल!

ज्यांना गाडीवाचून गत्यंतर नाही, त्यांनीही काही गोष्टी पाळाव्यात. चाकांतील हवा महिन्यातून एकदा तरी तपासावी. हवा कमी असली की पेट्रोल अधिक जळते आणि टायरही लवकर झिजतात. वेग एकसारखा ठेवावा. विम्याच्या बाबतीत तर विशेष दक्षता हवी. वर्षभर भरपाई न मागितल्यास स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर २० टक्के सूट मिळते, आणि सलग पाच वर्षांनी ती ५० टक्क्यांपर्यंत जाते. ही सूट गाडीची नसून मालकाची असते; गाडी विकली तरी नव्या गाडीस ती लावून घेता येते. मात्र मुदत संपल्यावर ९० दिवसांत विमा नवा केला नाही, तर ती बुडते. म्हणून किरकोळ ओरखड्यासाठी भरपाई मागण्यापूर्वी दोन्ही रकमा ताडून पाहाव्यात.

शेवटी एकच विनंती. लग्नकार्यात दारच्या गाडीवरून घराची योग्यता ठरविण्याची वृत्ती आपल्यात शिरू पाहत आहे. तिच्यापायी कर्ज काढून गाडी घेण्याची पाळी कोणत्याही ज्ञातिबांधवावर येऊ नये. गाडी गरजेसाठी असावी. गरज नसेल तर ती नसण्यात कमीपणा नाही. एवढे बोलून मी आपली रजा घेतो.