पुलाखालची सिग्नल शाळा



आपल्या ठाण्यातल्या नौपाड्यालगतचा तीन हात नाका.
वर उड्डाणपूल, खाली सिग्नल.
गाडी थांबली, की काचेशी मुलं यायची.
हातात फुलं, गजरे.
दुष्काळी भागातून आलेल्या कुटुंबांची ही मुलं.
राहायची पुलाखालीच.
ती शाळेत कधी जाणार?

मग शाळाच मुलांकडे आली.

साल २०१६.
ठाण्यातली समर्थ भारत व्यासपीठ ही संस्था पुढे झाली.
महापालिकेची साथ मिळाली.
पुलाखाली कंटेनरमध्ये वर्ग भरले.

आधी आंघोळ.
मग गणवेश, मग खाणं.
आणि मग पाटी.
हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो.
उपाशी पोराला कसली आलीय बाराखडी!

होय, शाळाच मुलांकडे आली.
आणि याच सिग्नलवरची मुलं पुढे दहावी पास झाली.