बीव्हर आणि आपली तळी

यंदा मुलांच्या चित्र-काव्य स्पर्धेला 'बीव्हर' हा विषय दिला, तेव्हा अनेकांनी विचारले, या परदेशी प्राण्याचे आपल्या गणपतीत काय काम?

बीव्हर फांद्या-चिखलाचा बांध घालून ओढा अडवतो. मागे पाणी साठते, मासे-पक्षी येतात. बंगळूरला मोठी नदी नाही. इथली तळीही माणसांनी असेच बांध घालून केली. एका तळ्याचे जादा पाणी राजकालुव्यातून पुढच्या तळ्यात जाई. आता त्यातून सांडपाणीही वाहते. २०१७ साली बेळ्ळंदूर तळ्यावर आग भडकली. आपल्या शेजारच्या हलसूर तळ्याचे पाणी तिकडेच जाते.

म्हणून विनंती, मूर्ती शाडूचीच आणा आणि विसर्जन बादलीत किंवा कल्याणीत करा. मुलांची चित्रे-कविता मंडपात लावल्या आहेत, आरतीनंतर अवश्य पाहा.

गणपती बाप्पा मोरया!