आधी आपला दिवा मालवा

मे महिन्याचे शेवटचे दिवस होते. वळवाच्या एक-दोन सरी पडून गेल्या होत्या. भंडारदऱ्याजवळच्या एका वाडीत आम्ही काजवे बघायला गेलो होतो. रात्री नवाच्या सुमारास एका सादड्याच्या झाडापाशी गाडी थांबवली. झाड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत लुकलुकत होतं. मुलाला नीट दिसावं म्हणून मी गाडीचे दिवे झाडावर सोडले, आणि समोर नुसतं झाड उरलं!

वाडीतले एक आजोबा बरोबर होते. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "साहेब, आधी आपला दिवा मालवा. मग त्यांचे लागतील."

अंधारात आम्ही गप्प उभे राहिलो. बराच वेळ काहीच नाही. "बाबा, गेले का सगळे?" मुलगा कुजबुजला. मग एका फांदीवर एक ठिपका चमकला. पाठोपाठ दुसरा. हळूहळू सारं झाड पुन्हा लुकलुकू लागलं.

श्रोतेहो, आपल्याला ही रोषणाई वाटते, पण काजव्यांचं ते बोलणं आहे. त्यांच्या पोटाच्या टोकाशी ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य असतं. प्राणवायूशी त्याचा संयोग झाला की उजेड पडतो, तोही थंड. नर ठरावीक लयीत लुकलुकून साद घालतो, मादी तशीच लुकलुकून उत्तर देते. आपल्या दिव्याचा झोत पडला की सादही दिसत नाही आणि उत्तरही.

अळी असताना काजवा कित्येक महिने ओल्या मातीत, पालापाचोळ्यात गोगलगाई खाऊन वाढतो. पंख फुटल्यावर मात्र आयुष्य उरतं ते जेमतेम दोन-तीन आठवड्यांचं. तेवढ्यात जोडी जमली नाही, तर अंडी नाहीत. अंडी नाहीत, तर पुढच्या वर्षी काजवे कुठून येणार?

म्हणून जाणाऱ्यांना चार गोष्टी सांगतो. शक्यतो अमावास्येच्या आसपास जा. गाडी वाडीतच लावा आणि वाडीतला माहीतगार बरोबर घेऊन चालत जा. वाटेपुरती बॅटरी लागलीच, तर तिच्या काचेवर लाल जिलेटिनचा कागद बांधा आणि झोत पायांपुरताच ठेवा. झाडापाशी पोचल्यावर तीही बंद करा. मोबाइल खिशातच राहू द्या, फ्लॅश तर नकोच. पायवाट सोडून गवतात शिरू नका, तिथे माद्या बसलेल्या असतात. झाड हलवू नका, बाटलीत काजवे भरू नका. आणि अर्धा तास थांबा. डोळे अंधाराला सरावायला तेवढा वेळ लागतोच.

परतताना मुलानं विचारलं, "बाबा, मघाशी आपण दिवे लावले, तेव्हा कुणाचं तरी बोलणं अर्धंच राहिलं असेल ना?"

मला उत्तर देता आलं नाही. त्यानंतर मात्र दरवर्षी आमची गाडी वाडीतच थांबते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)