पिकअपचे ब्रेक का ओरडतात? चकतीवर डाग का पडतात?



मंठ्याहून कापूस, सोयाबीन जालन्याला न्यायचे तर आता पिकअप किंवा जीपच लागते. या गाड्यांच्या पुढच्या चाकांना बहुतेक डिस्क ब्रेक असतात. म्हणजे चाकाबरोबर फिरणारी बिडाची चकती, तिला दोन्ही बाजूंनी आवळणारे पॅड, आणि पॅड धरणारा कॅलिपर. घर्षण आले की उष्णता आलीच. तेव्हा ब्रेक तापणे हा दोष नव्हे. एकच चाक जास्त तापणे, हा दोष.

आधी आवाज ओळखा. सकाळी पहिल्या एक-दोन ब्रेकला खरखर होऊन थांबली, तर तो रात्रीच्या दवाचा गंज, सोडून द्या. चालत्या गाडीत बारीक चीं-चीं येत असेल, तर पॅड झिजत आले असावेत. काही पॅडना मुद्दाम पत्र्याची जीभ बसवलेली असते, ती चकतीला लागून ओरडते. पण खर्र-खर्र लोखंड घासल्यासारखे वाटले, तर गाडी पुढे दामटू नका. पॅड संपून चकती खरवडली जात असते.

आता डाग. चकतीवर निळसर-काळे ठिपके दिसतात आणि ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरते, तर तेवढी जागा फार तापलेली आहे. अति तापलेले बीड तिथे कडक होते, आणि पुढे तीच जागा जास्त तापते. मिस्त्री लेथवर घासून देतो. डाग वरवरचे असले तर चालते, खोल गेले असले तर थरथर परत येते. कमीत कमी जाडी बहुधा चकतीवरच कोरलेली असते, ती बघूनच घासू द्या.

नुसती चकती बदलून मात्र भागत नाही. ती तापली कशाने ते शोधा. आपली काळी माती पावसाळ्यात कॅलिपरमध्ये शिरते आणि वाळली की दगड होते. त्याच्या सरकत्या पिना अडकतात, पॅड सुटत नाही. पाच-सहा किलोमीटर गाडी हळू चालवा, ब्रेक कमी वापरा, मग दोन्ही पुढच्या चाकांजवळ हात नेऊन बघा. चकतीला हात लावू नका, भाजेल! एक चाक जास्त गरम लागले, गाडी त्याच बाजूला ओढली, तर ब्रेक तिथे धरून राहतो आहे.

मग मिस्त्रीला सांगा, चाक उचलून कॅलिपरचा हवा काढायचा निपल सैल कर. चाक मोकळे झाले तर दाब वर अडकतो आहे, म्हणजे रबरी नळी किंवा मास्टर सिलिंडर बघावा. तरीही जाम राहिले तर पिना किंवा पिस्टन. एवढे केले तर भलताच भाग बदलायचा खर्च वाचतो.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढते. डॉट ३ प्रतीचे नवे तेल २०५ अंशांच्या वर उकळते. ओलावा शिरला की ही मर्यादा १४० पर्यंत उतरते. उकळले की पॅडल थेट खाली जाते. दोन वर्षांनी तेल बदलावे. इंजिन ऑइल त्यात कधीही घालू नये, रबरी सील फुगतात.

कन्नडच्या घाटातून चाळीसगावकडे भरली गाडी उतरताना न्यूट्रल करू नका, खालच्या गिअरवर या. खाली आल्यावर तापलेल्या चकतीवर पाणी ओतू नका. चकती वाकते, तडकतेही. गाडी रिकाम्या रस्त्यावर थोडी हळू चालवली की वाऱ्यानेच ती निवते.